हळदीच्या पाण्याचा ड्रायव्हर अन् लॉकांचा घोळ : कामाच्या नोंदी

आधी थोडक्यात काय आहे ते. मी परभणीत राहतो, शेत वसमतच्या बाजूला, बघतात सगळं काका. तीन एकर हळद, ठिबकवर, चार प्लॉट, चार व्हॉल्व्ह अन् विहिरीवरची मोटर. आखाड्यावर एक रास्पबेरी पाय (छोटा एका बोर्डाचा कॉम्प्युटर, खाली नुसतं पाय) बसवलाय. फ्लो मीटरच्या पल्स (पाणी वाहिलं की येणारे विजेचे ठोके) जीपीआयओच्या, म्हणजे बाहेरच्या वायरी जोडायच्या, एका पिनवर येतात, व्हॉल्व्ह अन् मोटरचे रिले आयटूसीवरच्या (चिपांशी बोलायची दोन तारांची लाईन) एमसीपी २३०१७ या जास्तीच्या पिन देणाऱ्या चिपवरून चालतात. ३० सेकंद पल्स आली नाही तर विहीर आटली समजून मोटर बंद, तेवढा एक टायमर. पायथनची स्क्रिप्ट दर ५ सेकंदाला डिव्हाइस फाईल (जिच्यातून ड्रायव्हर आकडे देतो) वाचते अन् काकांच्या मोबाईलवर आकडे पाठवते.

हे सगळं यूजरस्पेसमधून, म्हणजे साध्या प्रोग्राममधून झालं असतं, लिबजीपीआयओडी ही तयार लायब्ररी घेऊन दीडशे ओळींत, ते मला कुणी सांगायची गरज नाही. पण मला कर्नल ड्रायव्हर, म्हणजे ओएसच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) बसून हार्डवेअर चालवणारा कोड, लिहायला शिकायचं होतं. हौसेला मोल नसतं म्हणतात, आमच्या हौसेचं मोल खाली जागोजागी लिहिलंय.

९ नोव्हेंबर २०२४

जुना पाय झिरो गेला. उंदरानं वायर कुरतडली अन् शॉर्ट झाला. वर्षभर तोच चालू होता, माझाच ड्रायव्हर, एकदाही हँग नाही. आता जुना पाय ३ घेतला २२०० ला, चार कोअर (एकात चार प्रोसेसर), १ जीबी रॅम. ६४ बिटचं ओएस टाकलं, कर्नल ६.६. ड्रायव्हर परत कंपाईल केला, एक वॉर्निंग नाही, लोड केला, चालला. काकांना फोन केला की झालं काम. हा फोन करायला नको होता.

१२ नोव्हेंबर

सकाळी मामांचा फोन, मामा म्हणजे आमचे सालदार, "तुमचा डबा गपगार पडलाय, लाईट जळायलीय पर मोबाईलवर काही येईना." प्लग काढून घाला म्हणलं. घातला, चालू झाला. दुपारी परत तेच.

१४ ते १८ नोव्हेंबर

तीन दिवसांत पाच वेळा. एक गोष्ट मामांच्या ध्यानात आली, माझ्या नाही, की थ्री फेज आली अन् मोटर उचलली की त्याच्या आसपासच हँग व्हायलंय. मग काय, मी सरळ पॉवर सप्लायवर शिक्का मारला. मोटर स्टार्ट होताना व्होल्टेज पडत असणार. ६५० चा नवीन सप्लाय आणला, मोठा कपॅसिटर लावला, रविवार पूर्ण त्यात गेला.

काही फरक नाही. सोमवारी दोनदा हँग.

(नंतर कळलं ते इथंच सांगतो. मोटर स्टार्ट होण्याशी संबंध होता, पण व्होल्टेजचा नाही. स्टार्टरचा कॉन्टॅक्टर ओढला की ठिणगीचा विजेचा गोंधळ (नॉइज) फ्लो मीटरच्या लांब वायरीत घुसतो अन् एका झटक्यात शेकड्यानं खोट्या पल्स येतात. म्हणजे शेकड्यानं इंटरप्ट (हातातलं काम सोडून आधी हे बघ, अशी प्रोसेसरला हाक). कोडमधली चूक रोजचीच होती, तिच्यावर नेमकं बोट ठेवायला एवढी गर्दी लागत होती.)

१९ नोव्हेंबर

बोर्ड घरी आणला. शेतात बसून हे होत नाही, एक तर एसएसएच (लांबून लॉगिन) हँगबरोबरच मरतं अन् शेवटचा मेसेज काय आला ते कळतच नाही. २०० रुपयाची यूएसबी ते सिरीयल केबल घेतली, पिन ८ अन् १० ला जोडली, कॉन्फिगमध्ये युआर्ट (सिरीयल पोर्ट) चालू केला, ११५२०० वर लॅपटॉप लावला. हे काम मी ९ तारखेलाच करायला पाहिजे होतं. कुणी ड्रायव्हर लिहायलं असेल तर पहिल्या ओळीआधी ही केबल घ्या.

पल्ससाठी घरात पडलेला आर्डुइनो नॅनो बोर्ड लावला, सेकंदाला २००० पल्स. शेतात तीन दिवसांत पाच वेळा होणारं इथं दहा मिनटांत झालं. स्क्रीनवर सुमारे २१ सेकंदांनी आरसीयू स्टॉलचा मेसेज, सीपीयू ० अडकलाय म्हणून, अन् खाली स्टॅकमध्ये (कुणी कुणाला बोलावलं त्या यादीत) माझ्याच फंक्शनची नावं एकावर एक. खालून वर बघितलं तर, रीड फंक्शननं स्पिनलॉक घेतला (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप, दुसऱ्यानं ते सुटेपर्यंत जागेवरच फिरत बसायचं), तेवढ्यात पल्सचा इंटरप्ट आला, इंटरप्ट हँडलरनं तोच स्पिनलॉक मागितला. त्याच कोअरवर. रीड थांबलंय हँडलर संपायची वाट बघत, हँडलर गरगर फिरायलाय रीडनं लॉक सोडायची वाट बघत. अन् दोघं एकाच कोअरवर म्हणल्यावर रीडला परत चान्स येणारच नाही. पाय ३ वर इंटरप्ट बहुतेक सगळे सीपीयू ० वरच येतात, म्हणून तो एक कोअर मेला की नेटवर्क, यूएसबी, सगळं गेलं.

खात्री म्हणून टास्कसेट या कमांडनं पायथन स्क्रिप्ट सीपीयू ३ ला बांधली, रात्रभर काही नाही. सीपीयू ० ला बांधली, चाळीस सेकंदांत आडवं. म्हणजे शेतात शेड्युलरनं स्क्रिप्टला कुठल्या कोअरवर टाकलं एवढ्यावर आमचं पाणी चालू होतं.

दुरुस्ती एका ओळीची. रीडमध्ये साधा स्पिन लॉक न घेता आयआरक्यूसेव्हवाला (आयआरक्यू म्हणजे इंटरप्टची लाईन) घ्यायचा, म्हणजे लॉक हातात असेपर्यंत त्या कोअरवर इंटरप्टच येत नाही. पुस्तकात पहिल्या दहा पानांत असतंय हे. मी वाचलंही होतं.

मग झिरोवर वर्षभर का चाललं? झिरो एक कोअरचा, त्याचं कर्नल एसएमपी (अनेक कोअर सांभाळणं) नसलेलं, युनेम कमांड देऊन बघितलं तर एसएमपी शब्दच दिसत नाही. तसल्या कर्नलमध्ये, प्रीएम्प्शनही (कर्नलमधलं काम मधेच थांबवून दुसऱ्याला पाळी देणं) नसेल तर, स्पिनलॉक कंपाईल होऊन जवळपास काहीच उरत नाही. म्हणजे माझं लॉक तिथं नव्हतंच. दाराला कुलूप म्हणून मी जे लावलं होतं ते कुलपाचं चित्र होतं. अन् आता आठवतंय, झिरोवर महिन्यातून एखादवेळी पाण्याचा प्रवाह उणे दिसायचा, उणे चौदा लिटर मिनटाला वगैरे. काका हसायचे, विहिरीत पाणी परत चाललंय म्हणे. मी सेन्सरला शिव्या घालायचो. तो रीडच्या मधोमध इंटरप्ट शिरून पल्सची संख्या नवी अन् वेळ जुनी असा प्रकार होता. चूक तवाही होतीच, फक्त हँग न करता खोटं बोलायची.

२० नोव्हेंबर

सिरीयलवर आणखी एक गोष्ट दिसली जी मी दहा दिवस बघितलीच नव्हती. व्हॉल्व्ह उघडायचा आयओसीटीएल (प्रोग्रामनं ड्रायव्हरला दिलेला हुकूम) मारला की दर वेळी "बग: शेड्युलिंग व्हाईल अ‍ॅटॉमिक". दर वेळी! डीमेसेज (कर्नलच्या मेसेजची नोंद) उघडून बघायची तसदी घेतली असती तर ९ तारखेलाच कळलं असतं. मी फक्त व्हॉल्व्ह टक् वाजतोय का ते ऐकत होतो.

कारण सोपं. व्हॉल्व्हची अवस्था अन् आयटूसीवर लिहिणं दोन्ही मी एकाच स्पिनलॉकखाली ठेवलं होतं. आयटूसीचा ड्रायव्हर बाइट जाईपर्यंत झोपतो, १०० किलोहर्ट्झवर तीन बाइट म्हणजे पाव-एक मिलिसेकंद, अन् स्पिनलॉक हातात धरून झोपायचं नसतं. झोपलेल्याच्या हातात लॉक, अन् त्या कोअरवर दुसरा कुणी आला तर तो फिरतच बसणार. झिरोवर हे पण कळलं नाही, कारण वर सांगितलं तेच.

दोन लॉक केले. पल्सच्या आकड्यांना स्पिनलॉक, तो चार-पाच ओळींपेक्षा जास्त वेळ हातात ठेवायचा नाही. व्हॉल्व्ह अन् आयटूसीला म्युटेक्स, म्हणजे ज्याची वाट बघणारा फिरत न बसता झोपतो असं लॉक. त्याच बैठकीत वेळापत्रकाला, म्हणजे कुठला प्लॉट किती मिनटं वगैरे, अजून एक म्युटेक्स केला, कॉन्फिग म्हणून. तीन लॉक झाले. लई व्यवस्थित वाटलं त्या दिवशी.

जाता जाता, कॉपी टू यूजरसुद्धा (आकडे प्रोग्रामच्या मेमरीत उतरवणं) स्पिनलॉकखाली होतं. पेज फॉल्ट झाला (मेमरीचा तो भाग हजर नसला) तर तेपण झोपतं. लोकल व्हेरिएबलमध्ये घेऊन लॉक सोडल्यावर कॉपी केलं. पाच मिनटांचं काम.

२२ ते २४ नोव्हेंबर

लॉकडेप, म्हणजे लॉक वापरण्यातल्या चुका पकडणारं साधन, लावायचं ठरवलं. इन्गो मोल्नारनं लिहिलेलं, २००६ ला २.६.१८ पासून कर्नलमध्येच आहे, आपल्याला फक्त कर्नल परत बनवावं लागतं, प्रूव्ह लॉकिंग अन् डिबग अ‍ॅटॉमिक स्लीप हे दोन पर्याय चालू करून. पायवर बनवायच्या नादी लागू नका, मी लागलो, चार तासांनी रॅम संपून बसलं. लॅपटॉपवर क्रॉस कंपाईल (पायसाठीचं कर्नल दुसऱ्या मशीनवर बनवणं), पावणेदोन तास. मधी लाईट गेली, लॅपटॉपची बॅटरी गेलेली, परत पहिल्यापासून. नंतर मॉड्यूल, म्हणजे माझा ड्रायव्हर, लोड होईना, "इन्व्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट", संध्याकाळ गेली, तर मी मॉड्यूल जुन्याच कर्नलच्या हेडरवर बनवत होतो.

शेवटी बूट झालं. ड्रायव्हर लोड केला तर लगेच एक तक्रार, "लॉक मॅजिक" का काहीतरी. मोठं वाटलं, निघालं छोटं, नव्या म्युटेक्सचं इनिटच (वापरायआधीची मांडणी) मारलं नव्हतं. शून्य केलेल्या मेमरीवर नशिबानं चालत होतं.

इनिट टाकलं. मॉड्यूल काढलं, परत घातलं. आर्डुइनो चालू, चार स्क्रिप्टा एकदम चालू, रात्रभर. सकाळी सिरीयल बघितलं तर एक ओळ नाही, स्वच्छ. मी खुश. चहा पिता पिता घरात सांगितलं की जगात जर्मनी अन् भारतात परभणी.

२६ नोव्हेंबर

साधं कर्नल टाकून बोर्ड शेतात बसवला. दोन वेळा मोटर चालू-बंद करून बघितली. ठणठणीत.

२९ नोव्हेंबर

ही नोंद सविस्तर लिहितो कारण इथं खरं नुकसान झालं.

पहाटे पाचला काकांचा फोन. रात्रपाळीची लाईट होती. प्लॉट २ चा व्हॉल्व्ह रात्री साडेदहाला उघडला तो बंदच झाला नाही. चाळीस मिनटांच्या जागी साडेसहा तास पाणी. काका म्हणाले, "अरे बाबा, हळद हाय ती, भात नव्हं. कंद सडले तर तुझा कॉम्प्युटर खाणार का लोक?" हळदीला पाणी साचलं की कंदकूज लागते हे आमच्याकडं लेकराला पण माहीत असतं, मी काय बोलणार. निघालो.

पोचलो तर बोर्ड जिवंत. एसएसएच झालं! म्हणजे आधीचं पूर्ण हँग वेगळं अन् हे वेगळं. पीएस मारला (चालू प्रोसेसची यादी) तर पायथन स्क्रिप्ट डी अवस्थेत, म्हणजे उठवता न येणाऱ्या झोपेत, कर्नलचा एक वर्कर थ्रेडही डी मध्ये. किल मायनस नऊ (जबरदस्तीनं बंद) मारला, ढिम्म नाही. परत मारला, उगीच. डी मधल्या प्रोसेसला सिग्नल पोचतच नाही, ती जागी झाल्यावर पोचणार, अन् ती जागी होणार नाही हाच तर प्रॉब्लेम.

जर्नलमध्ये "ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंड्स" असे मेसेज, दोन्ही टास्कचे. दोघांच्या स्टॅकमध्ये वर म्युटेक्स लॉक. सिसआरक्यूला डब्ल्यू पाठवून (अडकलेल्या टास्क दाखव, असा कर्नलला हुकूम) पण तेच दिसलं. तिथंच बांधावर बसून कोड वाचला मोबाईलवर.

आयओसीटीएलचा रस्ता: कॉन्फिग म्युटेक्स घे, वेळापत्रक बदल, मग व्हॉल्व्ह म्युटेक्स घे अन् व्हॉल्व्ह हलव.
वर्कचा (वर्कर थ्रेडवर मागून चालणाऱ्या कामाचा) रस्ता: व्हॉल्व्ह म्युटेक्स घे, मग कॉन्फिग म्युटेक्स घेऊन त्यात लिही की कोरडी पडली, मग मोटर बंद कर.

एकानं कॉन्फिग धरलं अन् व्हॉल्व्हची वाट बघायलंय, दुसऱ्यानं व्हॉल्व्ह धरला अन् कॉन्फिगची वाट बघायलंय. हे बघून मला हसू आलं, कारण हे आमच्या घरात पंधरा वर्षं झालंय. आमची विहीर सामाईक होती, भावकीतली. स्टार्टरच्या पेटीची चावी आमच्याकडं, डीपीवरचे फ्यूज त्यांच्याकडं. वाद झाला की हे म्हणायचे आधी फ्यूज टाका मग पेटी उघडतो, ते म्हणायचे आधी पेटी उघडा मग फ्यूज टाकतो, अन् दोन्हीकडचा ऊस वाळायचा. शेवटी आज्यानं ठरवून दिलं होतं, ज्याची पाळी त्यानं आधी चावी घ्यायची अन् मगच फ्यूज मागायला जायचं, चावी हातात नसेल त्यानं फ्यूजला हात लावायचा नाही. आज्याला चौथीच्या पुढं शाळा नव्हती.

बोर्ड रीबूट होईना, डी मधल्या प्रोसेससाठी थांबून बसला. वैतागून प्लग ओढला. एसडी कार्ड गेलं. ४५० चं नवीन.

प्लॉट २ मधून चर काढून पाणी काढलं, मामा अन् मी, दुपारपर्यंत.

३० नोव्हेंबर

आता मोठा प्रश्न, लॉकडेपनं रात्रभर हे का पकडलं नाही? त्याचं कामच ते आहे. खरंच डेडलॉक (दोघं एकमेकांची वाट बघत कायमचे अडकणं) व्हायची पण गरज नसते, एकदा कॉन्फिग-मग-व्हॉल्व्ह अन् एकदा व्हॉल्व्ह-मग-कॉन्फिग असा क्रम दिसला की ते ओरडतं.

उत्तर सापडलं अन् डोक्याला हात लावला. लॉकडेप एकदाच बोलतं. पहिली तक्रार छापली की स्वतःला बंद करून घेतं, पुढचा रीबूट होईपर्यंत. मी त्या इनिटच्या तक्रारीनंतर मॉड्यूल काढून घातलं, बोर्ड रीबूट केला नाही. रात्रभर जी स्वच्छ शांतता होती ती बंद पडलेल्या चौकीदाराची होती. प्रॉक फोल्डरमध्ये लॉकडेप स्टॅट्स म्हणून फाईल आहे, तिच्यात डिबग लॉक्स समोर ० आहे का १ ते बघायचं. ० असेल तर टेस्टला काही अर्थ नाही. आता माझी टेस्ट स्क्रिप्ट सुरुवातीला अन् शेवटी ते बघते अन् ० दिसला की फेल म्हणते.

रीबूट करून परत चालवलं. तिसऱ्या मिनटाला "पॉसिबल सर्क्युलर लॉकिंग डिपेन्डन्सी डिटेक्टेड", खाली सगळी साखळी अन् शेवटी तो छोटा तक्ता:

सीपीयू ० : लॉक (व्हॉल्व्ह)
सीपीयू १ : लॉक (कॉन्फिग)
सीपीयू १ : लॉक (व्हॉल्व्ह)
सीपीयू ० : लॉक (कॉन्फिग)
डेडलॉक

तीन मिनटं. साडेसहा तास पाणी अन् एक कार्ड त्या एका रीबूटपायी.

दुरुस्ती: क्रम ठरवला, आधी कॉन्फिग मग व्हॉल्व्ह, उलटं कुठंच नाही, अन् ते फाईलच्या डोक्यावर मराठीत कॉमेंट म्हणून लिहिलं. वर्कमध्ये तर दोन्ही एकदम धरायची गरजच नव्हती. व्हॉल्व्ह धरून मोटर बंद करायची, सोडायचं, मग कॉन्फिग धरून नोंद करायची. मी दोन्ही धरून ठेवली होती कारण मधल्या काळात कुणी काही बदललं तर, अशी भीती होती. बसून विचार केला तर बदललं तरी काही बिघडत नव्हतं. ज्या फंक्शनला लॉक आधीच घेतलेला पाहिजे तिथं लॉकडेप असर्ट हेल्ड टाकलं, कॉमेंटपेक्षा ते बरं, कॉमेंट मी वाचत नाही.

१ डिसेंबर

रीबूट, परत टेस्ट. आता दुसरं सापडलं. दर दुरुस्तीमागं एक रीबूट अन् एक नवीन तक्रार, कांद्याचे पापुद्रे काढल्यासारखं.

हे टायमरचं. मोटर बंद करताना मी स्पिनलॉक धरून टायमर डिलीट सिंक मारत होतो. सिंक म्हणजे टायमरचं फंक्शन दुसऱ्या कोअरवर चालू असेल तर ते संपेपर्यंत थांबणार. अन् टायमरच्या फंक्शनची पहिलीच ओळ, तोच स्पिनलॉक घे. म्हणजे मी त्याची वाट बघतोय अन् तो माझ्या लॉकची. इथं लॉक एकच आहे, म्हणून कोड वाचताना डेडलॉक दिसतच नाही, "वाट बघणं" हाही एक लॉकच आहे असं धरलं तर दिसतो. लॉकडेप टायमरला तसंच धरतं, म्हणून त्यानं पकडलं. एका कोअरवर होणार नाही, चार कोअरवर एखाद्या दिवशी नक्की.

लॉकखाली फक्त "थांबलंय" असा झेंडा लावायचा, लॉक सोडायचा, मग सिंक. टायमर स्वतःला परत लावतो म्हणून त्यात झेंडा बघायचा. मॉड्यूल काढताना टायमर शटडाऊन सिंक, ते ६.२ पासून आलंय, त्यानंतर कुणी टायमर परत लावायला गेलं तरी लागत नाही.

४ डिसेंबर

ऑफिसचं काम होतं, दोन दिवस हात लागला नाही. आज मॉड्यूल काढताना आरएमएमओडी अडकलं. आता न बघताच ओळखलं. व्हॉल्व्हचा म्युटेक्स धरून कॅन्सल वर्क सिंक, अन् वर्कला तोच म्युटेक्स पाहिजे. टायमरच्या चुकीचाच भाऊ. ग्रेप करून (शोधून) फाईलमधले सगळे सिंक, फ्री आयआरक्यू अन् डिसेबल आयआरक्यू काढले, ते पण हँडलर संपायची वाट बघतात, अन् प्रत्येकाच्या वर कुठला लॉक धरलेला आहे ते वहीत लिहिलं. सात जागा. त्यातल्या तीन चुकीच्या.

काढायचा क्रम आता असा आहे: आधी आयआरक्यू सोडायची म्हणजे नवीन पल्स नाही, मग टायमर, मग वर्क, अन् मग आयटूसी. मी आधी आयटूसी बंद करत होतो अन् वर्क मागून येऊन मेलेल्या चिपला लिहीत होतं.

७ डिसेंबर

यूजरकडून चुकीचा पॉइंटर (मेमरीचा पत्ता) आला की आयओसीटीएल एरर देऊन परत जातं, बरोबर, पण म्युटेक्स न सोडता. पुढचा आयओसीटीएल कायमचा अडकतो. हे लॉकडेपनंच सांगितलं, यूजरस्पेसला परत जाताना लॉक हातात आहे म्हणून. अशा तीन जागा, सगळ्या एररच्या रस्त्यावर. चांगल्या रस्त्याची टेस्ट सगळेच करतात, एररचा रस्ता मी कधी चालवलाच नव्हता.

६.५ पासून कर्नलमध्ये गार्ड आलंय, ब्लॉकमधून कसंही बाहेर पडा, लॉक आपोआप सुटतो. म्युटेक्सच्या बहुतेक जागा त्याच्यावर नेल्या. एररवेळी मारायच्या गोटू उड्यांचं जंगल कमी झालं. पण घाई करू नका, मी एका ठिकाणी पूर्ण फंक्शनला गार्ड लावला अन् त्यात शेवटी कॅन्सल वर्क सिंक होतं, म्हणजे ४ तारखेची चूक नवीन कपडे घालून परत आली. लॉकडेपनं धरलं.

१४ डिसेंबर

एक आठवडा डिबग कर्नलवर घरी. आर्डुइनो २००० पल्सनं, चार स्क्रिप्टा, एक स्क्रिप्ट मुद्दाम चुकीचे पॉइंटर देणारी, दर दहा मिनटाला मॉड्यूल काढ-घाल. डिबग लॉक्स १ च्या १. कर्नल हळू चालतं या पर्यायांनी, शेतात हे ठेवू नका.

आतापर्यंतचा खर्च: पाय २२००, विनाकारण सप्लाय ६५०, केबल २००, कार्ड ४५०, पेट्रोलचा हिशेब ठेवला नाही, चार चकरा. वेळ, संध्याकाळी दोन-अडीच तास धरले तर साठ-सत्तर तास. त्यातला अर्धा तरी पॉवर सप्लाय अन् "स्वच्छ" रात्रीनं खाल्ला.

१५ डिसेंबर

शेतात बसवलं. फ्लो मीटरला शिल्ड असलेली वायर ओढली, खोट्या पल्स जवळपास गेल्या. चूक दुरुस्त केल्यावर गर्दी कमी केली, उलटं केलं असतं तर चूक आत लपून राहिली असती अन् जानेवारीत निघाली असती.

हार्डवेअर वॉचडॉग चालू केला, म्हणजे ठराविक वेळात कुणी थोपटलं नाही तर बोर्ड रीबूट करणारा टायमर. त्याच्यावर भिस्त ठेवू नका मात्र. पायचा वॉचडॉग सिस्टमडी (ओएसच्या सेवा चालवणारा प्रोग्राम) थोपटत असतं, अन् २९ तारखेसारखा म्युटेक्सचा डेडलॉक झाला तर सिस्टमडीला काहीच झालेलं नसतं, ते मजेत थोपटत राहतं. पूर्ण हँगला उपयोगी, अर्धवट अडकण्याला नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये वेगळं टाकलं, डिव्हाइस फाईलकडून एक मिनट उत्तर आलं नाही तर दुसरी स्क्रिप्ट थोपटणं बंद पाडते.

अन् व्हॉल्व्हच्या लाईनवर एक वेगळा साधा टायमर रिले, तासाभराच्या वर कुठलाच व्हॉल्व्ह उघडा राहणार नाही, कर्नल काय म्हणतंय याला न विचारता. हे काकांच्या सांगण्यावरून.

११ जानेवारी २०२५

सत्तावीस दिवस झाले. हँग नाही, डी मध्ये कुणी नाही, उणे प्रवाह नाही. प्लॉट २ मध्ये खालच्या बाजूच्या दोन सरींची पानं पिवळी पडली होती, ट्रायकोडर्मा (कंदकुजीवरची उपयोगी बुरशी) सोडला, बाकीचं बरं आहे, काढणीलाच खरं कळेल.

आज गेलो तर स्टार्टरच्या पेटीत एक नवीन स्विच दिसला. मामांना विचारलं हे काय. "काकांनी वायरमनकडून बसवून घेतला, म्हणले पोराचा डबा गप पडला तर मोटर हातानं चालू करता आली पाहिजे." मला न सांगता. आता ड्रायव्हरच्या हिशेबानं मोटर बंद आहे, अन् फ्लो मीटर मात्र मिनटाला तीनशे लिटर दाखवायलाय. त्या अवस्थेला माझ्या कोडमध्ये जागाच नाही. स्विचचा एक सहायक कॉन्टॅक्ट रिकामा आहे, तो एमसीपीच्या मोकळ्या पिनवर आणायचा म्हणतोय, म्हणजे अजून एक इंटरप्ट.